थंड हवेची नळी आणि चँडलरचा उन्हाळा: एका एफ-१५० चं प्रकरण

माझा एक नागपूरकर मित्र ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरला, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. त्याने ट्रक घेतला तेव्हा घरी फोन करून तसं सांगितलं, आणि पोरगा इंजिनिअरिंग सोडून ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पडला असं वाटून त्याच्या आईने दोन दिवस जेवण गोड मानलं नाही. इथे ट्रक म्हणजे पिकअप. त्याचा २०१५ चा फोर्ड एफ-१५०, पाच लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, एक लाख मैलांच्या पुढे गेलेला. कागदावर ३८५ अश्वशक्ती.

तक्रार साधी होती. मागे अडीच टनांचा कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडून आय-१७ हायवेने फ्लॅगस्टाफकडे निघालं की ब्लॅक कॅनियन सिटीच्या पुढच्या चढावर ट्रक धापा टाकतो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. वर जाताना बाकीचे पिकअप सुसाट पुढे जातात, हा उजव्या लेनमध्ये मालट्रकांच्या रांगेत.

निदान आणि औषध दोन्ही त्याने स्वतःच ठरवलं. साडेतीनशे डॉलर्सचा कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पाजायचं किट, मागवला: जाड गुळगुळीत नळी, शंकूच्या आकाराचा तेल लावलेला सुती फिल्टर, आणि फिल्टरला इंजिनापासून आडोसा करणारा पत्रा. खोक्यावर १२ अश्वशक्ती वाढतील असं छापलेलं. मी म्हटलं, अरे आधी मोजून तर बघू. तर म्हणाला, "भाऊ, उन्हाळा काय असते ते नागपूरवाल्याला नको सांगू. गरम हवेत इंजिन मरते. थंड हवा पाहिजे त्याले."

तत्त्व चुकीचं नाही. हवा तापली की विरळ होते, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो, तेवढं पेट्रोल कमी जाळता येतं. साडेपाच अंश सेल्सिअस तापमान वाढलं की हवेची घनता दोनेक टक्क्यांनी उतरते आणि इंजिनाची ताकद ढोबळमानाने एक टक्का. आणि इथला उन्हाळा म्हणजे उन्हाळाच. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर होता. ही गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची.

माझं या विषयातलं भांडवलही सांगून टाकतो. इथे येण्याआधी मी भोसरीच्या एका कारखान्यात एअर फिल्टरच्या टेस्ट बेंचवर होतो. आयएसओ ५०११ नावाच्या मानकाप्रमाणे फिल्टरमधून ठरलेली हवा ओढायची, तिच्यात मोजून धूळ सोडायची, आणि फिल्टरने किती अडवली, किती निसटली ते वजन करून काढायचं. ती धूळ साधी नसते. डब्यात बंद होऊन, प्रमाणपत्रासकट येते, आणि तिला ॲरिझोना टेस्ट डस्ट म्हणतात, कारण मुळात ती इथल्याच सॉल्ट रिव्हर खोऱ्यातून गोळा केली जायची. भोसरीत आम्ही ती चमच्याने तोलून वापरायचो. चँडलरला मी ती रोज अंगणातून झाडतो.

बसवायला त्याला दीड तास लागला. मी तिथे नव्हतो. खालून रबरी बुशांत बसलेला फिल्टरचा काळा डबा वर ओढून काढायचा, थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे, जाणारी नळी सोडवायची, हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर जुन्या घरातून दोन स्क्रू काढून नव्या नळीत बसवायचा, व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारी ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा खेळती ठेवणारी, बारीक नळी नव्या नळीच्या तोटीला जोडायची, क्लॅम्प आवळायचे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची आणि शेवटी लावायची. पानं-पकडीची सवय असलेल्या माणसाला काही अवघड नाही. ट्रक सुरू झाला, ॲक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून असा घुमारा आला की वहिनी बाहेर येऊन बघायला लागल्या. मित्र खूश. "फरक पडला भाऊ, जबरदस्त पडला!"

तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला.

स्कॅनर लावला तर दोन कोड: पी०१७१ आणि पी०१७४. म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचं मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे प्रमाण कॉम्प्युटर धरून ठेवतो. आत किती हवा आली हे त्याला सेन्सर सांगतो, आणि जळाल्यावर प्रमाण जमलं की नाही हे सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. दोघांचा हिशेब जुळला नाही की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत किंवा कमी करत जातो. ती दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. रिकाम्या रेसला, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, या ट्रकचे लाँग टर्म ट्रिम +२३ आणि +२५ टक्के होते. कॉम्प्युटर बिचारा पाव पट जास्त पेट्रोल ओतून कसाबसा तोल सांभाळत होता.

इथे बरेच जण थेट सेन्सरवर संशय घेऊन दीडशे डॉलर घालवतात. त्याआधी एक गोष्ट बघायची असते. रेस २,५०० वर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर, धरली तेव्हा तेच ट्रिम +७ वर उतरले. सेन्सर खोटं बोलत असता तर सगळीकडे साधारण सारखंच बोलला असता. रिकाम्या रेसला जास्त आणि रेस वाढवल्यावर कमी, याचा अर्थ कुठूनतरी न मोजलेली थोडीशी हवा आत शिरतेय. इंजिन मुळात कमी हवा पीत असतं तेव्हा तीच चोरवाट मोठी वाटते. जास्त हवेच्या प्रवाहात ती बुडून जाते.

चोरवाट शोधायला गॅरेजवाले धुराचं यंत्र लावतात. आम्ही देवघरातून उदबत्ती आणली. पहाटे, इंजिन गार, पंखे अजून बंद, पेट्रोलचा वास कुठेही नाही याची खात्री करून आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवून. हे शेवटचं गमतीने घेऊ नका, पेट्रोल गळत असलेल्या इंजिनावर उदबत्ती फिरवणं म्हणजे आपलाच दहावा घालणं. नळीच्या दोन्ही टोकांना धूर सरळ वर गेला. ब्रीदरच्या तोटीपाशी नेला आणि धुराची रेघ मोडून आत वळली. तोटी रबरी बुशात बसते. बूश भोकाच्या कडेवर अर्धं बसून अर्धं दुमडलं होतं. वरून बघितलं तर ठाकठीक, बोटाने खालची कडा चाचपली की नखभर फट लागत होती. तिथून बाहेरची हवा इंजिनात जात होती आणि सेन्सरला तिची खबरच नव्हती. बुशाला साबणाचं पाणी लावून ते नीट बसवलं. चार दिवसांनी ट्रिम +४ आणि +३.

तेही शून्य नव्हते, आणि त्याचं कारण वेगळं. हा सेन्सर नळीतली सगळी हवा मोजत नाही. आपल्या तोंडावरून जाणारी थोडी हवा मोजतो आणि नळीचा व्यास ठाऊक असल्यासारखा गुणाकार करतो. ऐंशी मिलिमीटरच्या नळीत एका मिलिमीटरचा फरक म्हणजे क्षेत्रफळात अडीच टक्के. व्हर्नियर लावला तेव्हा नवी नळी मिलिमीटरभर मोठी भरली. एवढं कॉम्प्युटर पचवतो. मात्र 'मोठी नळी म्हणजे जास्त हवा' म्हणून कोणी याहून फुगीर काही बसवलं तर कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलल्याशिवाय ते धड चालत नाही.

आता दिवा गेला होता, पण माझी खाज गेली नव्हती. जबरदस्त फरक पडला म्हणजे किती पडला?

मत्स्यालयाच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, दीड-दोन मीटर. ती इंग्रजी यू सारखी वाकवून पट्टीशेजारी एका फळीवर चिकटवली आणि आत कुंकवाचं पाणी भरलं. ब्रीदरच्या नळीत एक टी-जोड घालून त्यातून लांब नळी बॉनेटच्या फटीतून काढली आणि खिडकीतून आत आणून फळीच्या एका टोकाला जोडली. इंजिन हवा ओढताना वाटेत जेवढा अडथळा, तेवढा नळीतला दाब कमी आणि तेवढं पाणी एका बाजूला वर चढणार. आमच्या बेंचवर हेच काम लाखभर रुपयांचं यंत्र करायचं. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण हजारावा भाग, इतकं लक्षात ठेवलं की पुरे.

रविवारी सकाळी सहाला लूप २०२ च्या चढणीच्या रस्त्यावर, गाड्या नसताना, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाशी, काटा ६,००० पर्यंत. तो चालवतोय, मी मांडीवर फळी घेऊन बसलोय. एवढ्या रेसला हे इंजिन मिनिटाला पंधरा हजार लिटर हवा पितं, आपल्याकडच्या दहा हजारी पाण्याच्या टँकरच्या मापात दीड टँकर. तीन पाळ्या केल्या आणि प्रत्येक पाळीत तीनदा मोजलं. मूळ डबा आणि त्यातला जुना, आधीच्या मालकाच्या काळातला कागदी फिल्टर: ३८ सेंटिमीटर. मूळ डबा आणि पंचवीस डॉलरचा नवा कागदी फिल्टर: २६. नवी नळी आणि शंकू: २०. नळीतल्या हवेच्या वेगामुळे दाब जो पडतो तो यात धरलेला आहे, पण तो तिन्हींत सारखाच असल्याने बघायचा तो फरक.

म्हणजे जुना फिल्टर फेकून नवा घातला की १२ सेंटिमीटर सुटले. सव्वा टक्का, चार-पाच घोडे. त्यावर साडेतीनशे डॉलर खर्च करून आणखी ६ सेंटिमीटर, म्हणजे अडीच घोडेही नाहीत. मित्राने फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण मले फरक जाणवला ना." जाणवणारच. आवाज दुप्पट झाला होता. मूळ डब्यात आवाज गिळायला मुद्दाम पोकळ कप्पे ठेवलेले असतात, ते गेले की इंजिनाचा श्वास कानावर येतो आणि कानाने पाठीला सांगितलं की गाडी पळतेय.

मायलेज वाढतं हा दावा तर माझ्या मते सरळ सोडून द्यावा. पेट्रोल इंजिनात अर्ध्या दाबावर चालवताना थ्रॉटलची झडपच हवा अडवून धरते. फिल्टरने थोडं कमी-जास्त अडवलं तरी झडप तेवढी उघडते-मिटते, आणि पेट्रोल कॉम्प्युटर मोजूनच सोडतो. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून चाचण्या घेतल्या तेव्हाही आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजवर परिणाम दिसला नव्हता, फक्त वेग घेण्यावर दिसला.

राहिला थंडपणा, ज्याच्या नावावर हा सगळा खटाटोप. हवेचं तापमान सांगणारा सेन्सर आहेच, स्कॅनरवर वाचायचं काम. जुलैतल्या एका दुपारी बाहेर ४३ अंश. मूळ डब्यासह हायवेवर आत येणारी हवा ४७. नव्या नळीसह ४८. म्हणजे बरोबरी. मूळ डबा पहिल्यापासून जाळीच्या मागून, बाहेरचीच हवा घेतो. कारखान्यातल्या लोकांनी एवढं केलेलं होतं. गंमत सिग्नलवर. रे रोडच्या लांब सिग्नलला चार-पाच मिनिटं उभं राहिल्यावर मूळ डब्यात ५९, नव्या नळीत ७२. तो आडोशाचा पत्रा वरून बॉनेटच्या रबराला टेकायला हवा. एका कोपऱ्यात बोटभर फट होती आणि रेडिएटरचा पंखा इंजिनाची गरम हवा तिथून सरळ शंकूवर फेकत होता. केल्विनमध्ये हिशेब केला तर सिग्नल सुटताना कोल्ड एअर इनटेकमधली हवा मूळ डब्यापेक्षा जवळजवळ चार टक्के विरळ. गाडी सुटल्यावर मिनिट-दीड मिनिटात ती खाली येते हेही खरं. पण नावात कोल्ड आहे म्हणून सांगतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. कॅलिफोर्नियात व्हेइकल कोडच्या कलम २७१५६ खाली असला बदल तेव्हाच चालतो, जेव्हा त्या किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असतो, आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली लावावं लागतं. या किटला तो होता. आमच्याकडे फिनिक्स परिसरात उत्सर्जन चाचणी असते. बॅटरी काढली किंवा कोड पुसले की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या राहतात, तेव्हा लगेच चाचणीला गेलात तर परत पाठवतात. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवून मग जावं. वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा भाग लावला म्हणून सरसकट वॉरंटी जात नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने तसं ठरवलंय. याच्या ट्रकची वॉरंटी कधीच संपली होती, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आग्नेयेकडून धुळीची भिंत आली. हबूब म्हणतात इथे. क्षितिजापासून वरपर्यंत तपकिरी पडदा, पाच मिनिटांत मिट्ट अंधार. मित्र त्या वेळी कासा ग्रांदेकडून परत येत होता, त्याला बाजूला घेऊन, दिवे मालवून, ब्रेकवरचा पाय काढून थांबावं लागलं. हाच इथला नियम, नाहीतर मागचा तुमचे लाल दिवे बघून तुमच्यावरच येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फिल्टर काढायला लावला आणि पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून नळीच्या आतून फिरवला. फिल्टरच्या पलीकडची, स्वच्छ असायला हवी ती बाजू. रुमालावर तपकिरी रंग आला. पण रंगापेक्षा तो कुठून आला ते महत्त्वाचं. फिल्टरच्या कापडातूनच धूळ निसटत असेल तर नळीत सगळीकडे सारखा थर बसतो. इथे घड्याळात चार वाजतात त्या जागेवरून एक रेघ सुरू होत होती, टोकाला जाड आणि आत जाताना पसरत गेलेली. शंकूची रबरी मान तिथे तिरकी बसली होती, क्लॅम्प मानेच्या खाचेतून अर्धा बाहेर. बाकीच्या भागावर फक्त पुसट थर. सेन्सरच्या तारेवर मात्र तेलाचा तवंग आणि त्यावर बारीक पीठ. फिल्टर धुतल्यावर याने वरून भरपूर तेल मारलं होतं. खास त्या सेन्सरसाठी मिळणारा स्प्रे मारून तार स्वच्छ केली, हात न लावता. केसाहून थोडीच जाड असते ती.

भोसरीत आमचे साहेब म्हणायचे, ९९ टक्के आणि ९८ टक्के यात एकाचा फरक आहे असं म्हणणाऱ्याला बेंचवर उभं करू नका. निसटणारी धूळ एकाची दोन होते, म्हणजे दुप्पट. सिलिंडरच्या भिंतीला फरक पडतो तो निसटलेल्याशी. तेल लावलेला सुती फिल्टर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. ओल्या, हिरव्या मुलखात तो वर्षानुवर्षं छान चालतो. पण ज्या मातीवर जगभरचे फिल्टर तपासले जातात त्या मातीत राहून, अडीच घोड्यांसाठी मूळ कागदी फिल्टर मी काढणार नाही.

मूळ डबा त्याने फेकला नव्हता. गॅरेजमध्ये किटच्याच खोक्यात घालून ठेवला होता आणि वहिनींनी त्यात गणपतीच्या मखराचे दिवे भरले होते. दिवे बाहेर, डबा ट्रकमध्ये.

आणि फ्लॅगस्टाफचा चढ? तो प्रश्न तसाच राहिला होता, म्हणून सप्टेंबरात कॅम्पर जोडून मी शेजारी बसून गेलो. पहिल्याच चढाला लक्षात आलं. काटा ३,००० च्या वर चढला, इंजिनाचा आवाज वाढला की हा पाय उचलायचा. गाडी शिकला ती वडिलांच्या डिझेल जीपवर. तिथे तीन हजारला इंजिन ओरडतं आणि शेजारी बसलेले वडीलही. हे इंजिन तीन हजारला जेमतेम दोनशे घोडे देतं, पाच हजारला साडेतीनशेच्या आसपास, आणि पूर्ण ३८५ ला ५,७५० लागतात. त्यात फ्लॅगस्टाफला हवाच फिनिक्सपेक्षा पंधरा-सतरा टक्के विरळ, तिथे कुठलीही नळी काही करू शकत नाही. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघितलं तर मागच्या ॲक्सलचा रेशो ३.३१, म्हणजे हायवेवर पेट्रोल वाचवणारा. ओढायचं असेल तर ३.७३ वाला बघायला हवा होता.

"गिअरच्या दांड्यावरचं ते बटण दाब," मी म्हटलं. टो-हॉल मोड, ओझं ओढतानाचा. नऊ वर्षांच्या ट्रकवर ते बटण नव्यासारखं चकचकीत होतं. गिअर खाली पडला, काटा ४,८०० वर गेला. त्याचा पाय उचलला गेला.

"नको उचलू."

"फाटन ना भाऊ इंजिन!"

"नाही फाटत. ते याच्यासाठीच बनवलंय. तापमानाचा काटा बघ आणि दाबून ठेव."

सनसेट पॉइंटला पोचेपर्यंत आम्ही चार मालट्रक आणि एक कॅम्पर मागे टाकला होता. गाडी थांबवून त्याने बॉनेट उघडून सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं आणि डब्यातला चिवडा काढला.

नोव्हेंबरात गारवा पडला, धुळीचे दिवस संपले. एका शनिवारी सकाळी सातला मी अंगण झाडत होतो, तेव्हा मागच्या गल्लीतून ओळखीचा घुमारा आला. थोड्या वेळाने फोन. "भाऊ, या वेळी क्लॅम्प बरोबर बसवला. येऊन रुमाल फिरवून बघ." मी म्हटलं, आणि मूळ डबा? तर म्हणाला, मखराच्या दिव्यांसकट खोक्यात आहे, वर बायकोने मार्करने लिहून ठेवलंय: जूनमध्ये काढणे.